कडुनिंब, पेटंट आणि सांगलीच्या शेतातील पुरावा

कडुनिंब हा महाराष्ट्रातील आबालवृद्धांच्या परिचयाचा वृक्ष होय. गुढीपाडव्याला त्याचा कोवळा पाला खाल्ला जातो, धान्याच्या कणगीत त्याचा वाळलेला पाला घातला जातो आणि निंबोळीची पेंड शेतात खत म्हणून पडते. अशा या वृक्षाच्या बियांतून काढलेल्या तेलाने पिकांवरील बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीवर युरोपात १९९४ साली पेटंट दिले गेले. ते रद्द करवून घेण्यासाठी आणि नंतरच्या अपिलात तो निर्णय टिकवून धरण्यासाठी मिळून सुमारे दहा वर्षे लागली. या वादात पुणे आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील शेतांवर झालेल्या चाचण्यांचा पुरावा म्हणून उल्लेख झाला, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

सांगलीच्या शेतातील काम जर्मनीतील म्यूनिक शहरी बसलेल्या अधिकाऱ्यांपुढे कसे गेले, आणि एखादी रासायनिक प्रक्रिया ‘नवा शोध’ आहे की ‘कोणालाही सुचण्यासारखी गोष्ट’ आहे हे कसे ठरते, याची माहिती शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना उपयुक्त ठरावी.

पेटंटमागील व्यवहार

पेटंट, अर्थात एकस्व, हा शासन आणि संशोधक यांच्यातील एक करारच असतो. संशोधकाने आपला शोध सविस्तर लिहून जाहीर करावा. त्याच्या मोबदल्यात शासनाने त्याला ठरावीक मुदतीसाठी त्या शोधाच्या व्यापारी वापराचा एकाधिकार द्यावा, असे या कराराचे स्वरूप आहे. भारतात ही मुदत अर्ज केल्याच्या दिनांकापासून २० वर्षे आहे. मुदत संपताच तो शोध सर्वांना खुला होतो.

हा व्यवहार न्याय्य ठरण्यासाठी एक अट पाळली जाणे अगत्याचे असते. समाजाने जो एकाधिकार द्यावयाचा, त्याच्या बदल्यात समाजाला खरोखर नवे काही मिळाले पाहिजे. जे समाजापाशी आधीच आहे, ते पुन्हा विकत घेण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. म्हणून पेटंटचा अर्ज मुख्यत: तीन कसोट्यांवर पारखला जातो. पहिली कसोटी नावीन्याची, दुसरी औद्योगिक उपयुक्ततेची आणि तिसरी कल्पकतेची. पहिल्या दोन कसोट्या समजण्यास सोप्या आहेत. बहुतेक मोठे वाद होतात ते तिसरीवर.

‘सहज सुचणारे’ कोणाला?

कल्पकतेच्या कसोटीचा अर्थ असा की, केवळ एखादी गोष्ट पूर्वी कोणी जशीच्या तशी केलेली नाही एवढ्याने भागत नाही. पूर्वीचे ज्ञान हाताशी असता ती गोष्ट त्या विषयातील जाणकाराला सहज सुचण्यासारखी असेल, तर तिला पेटंट मिळू शकत नाही. येथे जाणकार म्हणजे मोठा पंडित नव्हे, तसाच अगदी अनभिज्ञ मनुष्यही नव्हे. त्या धंद्यातील प्रचलित ज्ञान आणि नेहमीचे कसब ज्याच्या ठायी आहे, असा माणूस कायद्याला अभिप्रेत आहे.

सातारा जिल्ह्यातील कराड भागात किंवा सांगली जिल्ह्यातील वाळवा, शिराळा भागात गुऱ्हाळ पाहिलेल्यांना हा मुद्दा चटकन पटेल. उसाचा रस काहिलीत तापू लागला की त्यात भेंडीच्या ठेचलेल्या खोडाचे चिकट पाणी घालतात. या चिकट द्रवात रसातील गाळ आणि इतर अशुद्ध द्रव्ये अडकतात व मळीच्या रूपाने वर येतात. ती झाऱ्याने काढून टाकली की रस निवळतो आणि गुळाला चांगला रंग येतो. ही शुद्धीकरणाची एक रासायनिक प्रक्रियाच आहे, आणि गुळव्या हा तिच्यातील जाणकार.

आता समजा, कोणी असा दावा केला की काहिलीत भेंडीचे पाणी नेहमीपेक्षा थोडे अधिक घालणे हा आपला शोध आहे. गुळव्या यावर हसेल. रस जसा असेल तसे प्रमाण कमी-अधिक करणे हे त्याचे रोजचेच काम आहे. परंतु भेंडीच्या चिकट द्रवातील नेमका कोणता घटक मळी ओढून घेतो हे कोणी शोधून काढले, तो वेगळा करून महिनोन्‌महिने टिकेल असे त्याचे चूर्ण बनविले आणि त्याने पूर्वी न साधलेला परिणाम साधला, तर त्या प्रक्रियेचा विचार निश्चितच वेगळ्या दृष्टीने करावा लागेल. प्रमाणात फेरफार करणे आणि नवी वाट काढणे यांतील हा भेद म्हणजेच कल्पकतेच्या कसोटीचे सार होय.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर १९७८ रोजी दिलेल्या एका निकालात हेच तत्त्व मांडले आहे. मिर्झापूर येथील भांडी तयार करण्याच्या यंत्रपद्धतीवर घेतलेल्या पेटंटचा तो वाद होता. जुन्याच यंत्रातील भागांची किरकोळ जुळवाजुळव ही कारखान्यातील नित्याची सुधारणा ठरते. पेटंटला पात्र होण्यासाठी तिच्याहून काही अधिक असावे लागते, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने ते पेटंट अवैध ठरविले. भारतातील पेटंटविषयक वादांत आजही या निकालाचा आधार घेतला जातो.

तेल वेगळे करण्याची क्रिया

कडुनिंबाच्या पेटंटमध्ये नेमके काय होते, हे समजून घेण्यासाठी निंबोळीची रचना ध्यानी घ्यावी लागेल. निंबोळीच्या बीमध्ये तेल असते आणि त्याखेरीज अझाडिरॅक्टिन नावाचे एक कडू द्रव्यही असते. हे द्रव्य १९६८ साली प्रथम वेगळे करण्यात आले. किडींची भूक मारण्याचा आणि त्यांची वाढ रोखण्याचा निंबोळीचा जो गुण आहे, तो मुख्यत: या द्रव्यामुळे होय.

तेल आणि अझाडिरॅक्टिन यांना एकमेकांपासून वेगळे करता येते. वाळविलेल्या बिया भरड दळून त्या हेक्झेनसारख्या, पाण्याशी न मिसळणाऱ्या द्रावकात भिजविल्या, तर तेल द्रावकात उतरते. अझाडिरॅक्टिन मात्र बहुतांशी पेंडीतच राहते. मग द्रावक उडवून टाकला की अझाडिरॅक्टिनपासून जवळजवळ मुक्त असे तेल हाती येते. हे तेल पाण्यात मिसळत नाही. म्हणून त्यात पायसीकारक, म्हणजे तेल व पाणी यांचे दुधासारखे मिश्रण टिकवून धरणारे द्रव्य, घालावे लागते. साबणाचे पाणी हे त्याचे घरगुती उदाहरण. अशा मिश्रणाची फवारणी केली असता पिकावरील बुरशीला आळा बसतो.

अमेरिकेचा कृषी विभाग आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांनी या पद्धतीवर दावा सांगितला. मूळ अर्ज डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेत आणि त्याच्याच आधारे डिसेंबर १९९० मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयात दाखल झाला. दाव्यात तेलाचे प्रमाण ०.१ ते १० टक्के आणि पायसीकारकाचे प्रमाण ०.००५ ते ५ टक्के असे नमूद केलेले होते. सप्टेंबर १९९४ मध्ये युरोपीय कार्यालयाने पेटंट मंजूर केले.

म्यूनिक येथील वाद

युरोपीय कायद्यानुसार पेटंट मंजूर झाल्यापासून नऊ महिन्यांच्या आत कोणासही त्याला विरोध दाखल करता येतो. ही मुदत संपत आली असता, जून १९९५ मध्ये, तिघांनी मिळून विरोध नोंदविला. त्यांत भारतातील पर्यावरण कार्यकर्त्या डॉ. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या मागदा आल्वूत आणि सेंद्रिय शेतीच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांचा समावेश होता.

विरोधकांचे म्हणणे मुख्यत: असे होते की, कडुनिंबाच्या बियांतील अर्क व तेल यांचा बुरशीवरील उपयोग भारतात पूर्वीपासून माहीत आहे. परंतु ‘आमच्याकडे हे सर्वांना ठाऊक आहे’ एवढे विधान कोणत्याही पेटंट कार्यालयास पुरेसे वाटत नाही. कोणी केले, कोठे केले, केव्हा केले आणि ते लोकांना खुले होते काय, असे प्रश्न विचारले जातात. मूळ अर्जाच्या दिनांकापूर्वी, म्हणजे डिसेंबर १९८९ पूर्वी, ते ज्ञान जाहीर झाल्याचे दाखविणे आवश्यक होते.

येथे पश्चिम महाराष्ट्राचा संबंध येतो. सप्टेंबर १९९७ मध्ये युरोपीय कार्यालयाच्या विरोध विभागाने आपले प्राथमिक मत कळविले. त्यात पुणे आणि सांगली या जिल्ह्यांत १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात झालेल्या शेतावरील चाचण्यांचा स्पष्ट निर्देश होता. दाव्यातील बाबी या चाचण्यांच्या वेळी, म्हणजे अर्जापूर्वी तीन-चार वर्षे, लोकांसमोर उघड झालेल्या होत्या, असे पुराव्यावरून दिसते, असे विभागाचे मत पडले. पायसीकारकाच्या प्रमाणाविषयी विभागाने म्हटले की, ते कमी-अधिक करून योग्य प्रमाण शोधणे हे जाणकाराचे नित्याचे काम असून त्यात शोध असे काही नाही. गुळव्याच्या उदाहरणात जे तत्त्व दिसले, तेच येथे लागू झाले.

त्यानंतर मे २००० मध्ये म्यूनिक येथे तोंडी सुनावणी झाली. त्या वेळी एका भारतीय उत्पादकाने आपल्या पूर्वीच्या उत्पादनपद्धतीविषयी साक्ष दिली. सुनावणीअखेर पेटंट रद्द करण्यात आले. पेटंटधारकांनी अपील केले. अपील मंडळाने ८ मार्च २००५ रोजी ते फेटाळले आणि पेटंट कायमचे संपुष्टात आले. निर्णयांना अपिलाची वाट असणे हा या व्यवस्थेचा आवश्यक भाग आहे; पण तोपर्यंत विरोधकांना पुरावा, भाषांतरे व वकील यांचा भार दहा वर्षे वाहावा लागला, हेही विसरून चालणार नाही.

हळदीचा दाखला

सांगलीच्या बाजारपेठेचे नाव ज्या पिकाशी जोडलेले आहे, त्या हळदीचीही अशीच कथा आहे. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर या विषयावर अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली आणि ऑगस्ट १९९७ मध्ये हे दावे फेटाळण्यात आले.

या दोन वादांत एक महत्त्वाचा फरक आहे. युरोपात कोणत्याही देशात झालेला जाहीर वापर पुरावा म्हणून पुढे आणता येत असे. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात मात्र परदेशातील केवळ वापर जमेस धरला जात नसे. छापील प्रकाशन अथवा पूर्वीचे पेटंट दाखवावे लागे. घरोघरी जखमेवर हळद भरली जाते, हे कोट्यवधी लोक जाणत असूनही त्या जाणण्याला तेथे किंमत नव्हती. म्हणून परिषदेने ३२ लेखी संदर्भ गोळा केले. त्यांत जुने संस्कृत व उर्दू ग्रंथ होते, तसाच भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली प्रसिद्ध झालेला एक लेखही होता. अमेरिकेने पुढे हा नियम बदलला आणि १६ मार्च २०१३ पासूनच्या अर्जांना परदेशातील जाहीर वापरही लागू केला. तरीही लेखी आणि दिनांकित पुराव्याचे वजन कमी झालेले नाही.

भारतीय कायद्यातील तरतुदी

भारतात १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. मूळ कायद्यात अन्न व औषधे यांच्या बाबतीत पदार्थावर पेटंट नसे, केवळ ते तयार करण्याच्या प्रक्रियेवर असे. १ जानेवारी २००५ पासून पदार्थांवरही पेटंट देण्यास सुरुवात झाली. त्याच वेळी काही संरक्षक तरतुदी कायद्यात दृढ करण्यात आल्या.

शुद्धीकरणाच्या दृष्टीने कलम ३(घ) महत्त्वाचे आहे. ज्ञात पदार्थाचे निव्वळ शुद्ध रूप हे, त्याच्या परिणामकारकतेत लक्षणीय फरक नसेल तर, तोच पदार्थ समजावा, असे हे कलम सांगते. ज्ञात प्रक्रियेचा नुसता वापरही शोध ठरत नाही. तिच्यातून नवा पदार्थ निर्माण व्हावा किंवा तिच्यात निदान एक तरी नवे अभिकारक द्रव्य वापरलेले असावे लागते. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्करोगावरील एका औषधाच्या स्फटिकरूपाचे पेटंट नाकारताना याच कलमाचा आधार घेतला. पारंपरिक ज्ञान हा शोध नव्हे, असेही कायद्यात स्वतंत्रपणे नमूद आहे.

अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतर आणि पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही व्यक्ती लेखी विरोध करू शकते. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत संबंधित हितसंबंधी व्यक्तीला पुन्हा विरोध करता येतो. दावा उघड व सहज सुचणारा आहे, हे विरोधाचे एक कारण होय. स्थानिक समाजात मौखिक वा अन्य रूपाने ते ज्ञान आधीच उपलब्ध होते, हेही कायद्याने मान्य केलेले कारण आहे. महाराष्ट्रातील अर्ज मुंबई येथील पेटंट कार्यालयात चालतात. बौद्धिक संपदा अपील मंडळ एप्रिल २०२१ मध्ये बरखास्त झाल्यापासून नियंत्रकांच्या निर्णयांविरुद्धची अपिले उच्च न्यायालयापुढे जातात.

भौगोलिक निर्देशांकन हा मात्र याहून निराळा हक्क आहे. सांगलीच्या हळदीला ते २०१८ साली मिळाले. त्यामुळे ‘सांगलीची हळद’ या नावाचा गैरवापर रोखता येतो. हळदीतील एखादे द्रव्य वेगळे करण्याच्या पद्धतीवर कोणी पेटंट मागितले, तर त्याला या निर्देशांकनाने अटकाव होत नाही. त्यासाठी पूर्वज्ञानाचा पुरावाच लागतो.

नोंद कोणी करावी?

हळदीच्या वादानंतर, २००१ पासून, भारताने पारंपरिक ज्ञानाचे एक संगणकीय ग्रंथालय उभारण्यास प्रारंभ केला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध इत्यादी ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत तेथे नोंदविले जातात आणि परदेशी पेटंट कार्यालयांतील परीक्षकांना ते तपासता येतात. हे काम मोलाचे असले तरी त्याचा भर ग्रंथांवर आहे. गुऱ्हाळातील, मळ्यातील वा हळद शिजविण्याच्या जागेवरील कसब बहुधा कोणत्याही ग्रंथात नसते.

ही उणीव भरून काढण्याचे एक साधन गावापाशीच आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. गावातील वनस्पती, पिकांचे वाण, प्राणी आणि त्यांविषयीचे लोकज्ञान यांची लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समितीचे प्रमुख काम होय. अनेकदा ही वही म्हणजे पूर्ण करावयाचा आणखी एक तक्ता, अशा समजुतीने भरली जाते. कोणती वनस्पती गावात आहे एवढेच तीत येते. ती कशी वापरतात, किती प्रमाणात, कशात मिसळून, कोणत्या रोगावर आणि केव्हापासून, हे येत नाही. वादाच्या वेळी उपयोगी पडतो तो नेमका हाच तपशील. कडुनिंबाच्या वादात पुण्या-सांगलीच्या चाचण्या उपयोगी पडल्या, कारण त्यांचे स्थळ आणि काळ सांगता आले.

शिक्षक आणि ग्रामसेवक यांचे साहाय्य येथे फार उपयोगाचे ठरेल. अनुभवी गुळव्या किंवा शेतकरी यांच्याकडून क्रिया क्रमवार समजून घेणे, मापे नोंदविणे आणि प्रत्येक पानावर दिनांक घालणे ही कामे ते चांगल्या रीतीने करू शकतात. फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे १९३२ पासून चालू असलेले ऊस संशोधन केंद्र किंवा कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्र यांसारख्या संस्थांचे अहवाल, तसेच कृषी खात्याच्या प्रात्यक्षिकांच्या नोंदी याही जपून ठेवण्याजोग्या आहेत. जुने दप्तर म्हणून ते बाद करण्यापूर्वी विचार व्हावा.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. जे ज्ञान एकदा जाहीर झाले, त्यावर परक्याला पेटंट मिळत नाही, तसे सामान्यत: ते मूळ धारकालाही मिळत नाही. म्हणून जे सर्वांच्या वहिवाटीचे आहे ते निःसंकोच नोंदवावे. पण एखाद्या शेतकऱ्याने, कारागिराने किंवा विद्यार्थ्याने खरोखरच नवी युक्ती काढली असेल, तर तिचे प्रदर्शन भरविण्यापूर्वी अथवा ती छापण्यापूर्वी पेटंटसाठी अर्ज करण्याचा सल्ला त्याला देणे हे मार्गदर्शकाचे कर्तव्य ठरते. तसेच एखाद्या कुटुंबाने गुप्त राखलेले ज्ञान त्याच्या संमतीवाचून नोंदवहीत उघड करणे योग्य नाही.

सहज सुचणारे काय आणि शोध कोणता, याचा निवाडा अखेर पूर्वी काय ज्ञात होते यावर होतो, आणि पूर्वी काय ज्ञात होते हे सिद्ध करण्याचा भार ते जाणणाऱ्यांवरच पडतो. १९८५ च्या उन्हाळ्यात ज्यांनी सांगली जिल्ह्यातील पिकांवर फवारणी केली, त्यांना आपले काम बारा वर्षांनी म्यूनिक येथील कागदपत्रांत येईल असे वाटले नसेल. आज गावोगावी होणाऱ्या अशाच कामाला उद्या केव्हा आणि कोठे साक्ष द्यावी लागेल, हे सांगता येत नाही. त्या साक्षीची तयारी ग्रामपंचायतीच्या कपाटातील एका वहीपासून होऊ शकते.